नदीकाठची कछार जमीन : गुण, उपयोग आणि निगा



१५ मे हा शेतकऱ्यांचे आश्रयदाते संत इसिदोर ह्यांचा सण. माद्रिदजवळ दुसऱ्याच्या शेतावर मजुरीने नांगर हाकणारा हा माणूस. १६२२ साली ख्रिस्तसभेने त्याला संत म्हणून जाहीर केले. सण झाला की आपल्याकडे मृगाची वाट पाहणे सुरू होते. वखरणी, बियाणे, खताची जुळवाजुळव ह्यांत बोलायला कोणाला सवड राहत नाही. म्हणून ह्या अंकातच एका विषयावर सविस्तर लिहीत आहोत. विषय आहे नदी-नाल्याच्या काठची गाळाची जमीन.

तिगाव, पांढुर्णा, सौंसर ह्या भागात जमिनीची गोष्ट निघाली की ती काळ्या जमिनीवर, पऱ्हाटीवर आणि संत्र्यावर येऊन थांबते. पण आपल्या शिवारात नाल्याच्या आणि नदीच्या कडेने एक पट्टा असतो. रंगाने काळा नाही, करडा-तपकिरी. कोरडी माती चिमटीत धरली तर पिठासारखी मऊ लागते. उन्हाळ्यात काळ्या वावराला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, ह्या पट्ट्याला तशा पडत नाहीत. जुने लोक त्याला कछार म्हणतात, कोणी मळीची जमीन म्हणतात, कोणी नुसती गाळाची. इंग्रजी अमदानीत मध्य प्रांतात जमिनीचा बंदोबस्त झाला, तेव्हा सरकारी कागदांत काळी, मोरंड, खरडी, बरडी, रेताडी ह्यांच्याबरोबर कछार हा वेगळा वर्ग लिहिला जाई. म्हणजे हा भेद आमच्या मनातला नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी तो सारा भरताना ओळखला होता.

ही माती आली कुठून? आपल्या भागाचे पाणी दोन वाटांनी खाली जाते. एक वाट जाम नदीची. ती कन्हानला मिळते आणि कन्हान वैनगंगेला. दुसरी वाट मुलताईच्या पठारावर उगम पावणाऱ्या वर्धेची. पुढे वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते व गोदावरीला मिळते. जाम म्हटले की बाहेरच्या माणसाला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोटमार तेवढी आठवते. तिच्या काठच्या मातीकडे कोणी पाहत नाही. सातपुड्याच्या उतारावरचा काळा दगड झिजतो, त्याची माती पावसाच्या पाण्याबरोबर नाल्यात येते. पूर काठाबाहेर आला की त्याचा वेग मंदावतो. जड वाळू पात्रालगतच पडते, त्याहून बारीक गाळ थोडा पुढे काठच्या सपाटीवर बसतो आणि सगळ्यांत बारीक चिकणमाती दूरच्या खोलगट भागात साचलेल्या पाण्यात हळूहळू खाली बसते. म्हणूनच नदीपासून गावाकडे चालत गेले तर पाचशे पावलांत तीन तऱ्हेची माती पायाखाली येते. एकाच वावराच्या दोन टोकांना एकच पीक सारखे येत नाही, त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

गाळाचा कण मिलिमीटरच्या विसाव्या भागापासून पाचशेव्या भागापर्यंत बारीक असतो. वाळूहून लहान, चिकणमातीहून मोठा. ह्या मधल्या आकारातच ह्या जमिनीचे सारे गुण आणि सारे अवगुण आहेत. वाळूतून पाणी निथळून जाते. चिकणमाती पुष्कळ पाणी धरते खरे, पण त्यातले बरेचसे इतके घट्ट धरते की पिकाच्या मुळाला ते ओढता येत नाही. गाळाची माती पाणी धरते आणि पिकाला देतेही. शिवाय दिव्याची वात तेल ओढते तशी ती खालची ओल वर ओढते. रब्बीत कछारीवरचा गहू शेजारच्या बरड वावरातला गहू माना टाकत असताना हिरवा असतो, तो ह्यामुळे.

आता अवगुण. चिकणमातीचे कण एकमेकांना धरून राहतात, वाळूचे कण निदान जड असतात. गाळाच्या कणाला ना चिकटपणा, ना वजन. उघड्या कछारीवर पावसाचा जोरदार थेंब पडला की कण सुटा होतो आणि वाहत्या पाण्याबरोबर निघतो. मातीच्या सर्व प्रकारांत वाहून जायला सगळ्यांत सोपी ती हीच. नदीने जी आणून दिली ती नदी सहज परत नेऊ शकते. हे आम्ही घाबरवण्यासाठी सांगत नाही. पण आपल्यातील कित्येक कुटुंबांची सगळी मालमत्ता म्हणजे एक-दीड एकराचा असाच पट्टा आहे आणि तो दरवर्षी हातभर, दोन हात कमी होत आहे.

हिशेब करून पाहा. एका एकरावरून फक्त एक सेंटिमीटर जाडीचा थर गेला तर सुमारे ४० घनमीटर, म्हणजे ५० टनांवर माती गेली. तेवढी माती ट्रॅक्टरने परत आणायची तर पंधरा-वीस ट्रॉल्या लागतील. एक सेंटिमीटर म्हणजे करंगळीच्या नखाएवढी जाडी, ती गेलेली डोळ्यांना दिसतही नाही.

काठ कसा तुटतो हे नीट समजून घ्यावे, कारण ह्याविषयी गैरसमज फार. पूर चढताना काठ तुटतो असे आपण समजतो. पुष्कळदा तो पूर ओसरल्यावर तुटतो. पुरात काठाची माती पाण्याने तुडुंब भरते, जड होते. पाणी झपाट्याने उतरले की तिला बाहेरून असलेला पाण्याचा आधार जातो. पायथा तर प्रवाहाने आधीच कोरलेला असतो. मग रात्रीतून बैलगाडीएवढी दरड खाली बसते. म्हणून पूर उतरल्यावर एक-दोन दिवस काठावर गुरे बांधू नयेत, मुलांना तिथे जाऊ देऊ नये.

दुसरे कारण तर आपल्याच वावरात असते. वरच्या शेताचे पावसाचे पाणी धुऱ्यावरून जिथून वाट मिळेल तिथून नाल्यात उडी घेते. त्या जागी पहिल्या वर्षी वीतभर खाच पडते, तिसऱ्या वर्षी घळ होते आणि घळ मागे मागे वावरात शिरते. शिव्या नदीला आणि काम आपल्याच पाण्याचे! ह्यावर उपाय खर्चाचा नाही. शेताचे पाणी एकाच ठरलेल्या जागी आणावे, तिथे दगड रचून उतरता सांडवा करावा आणि बाकीचा धुरा अखंड ठेवावा. दोन माणसांचे तीन-चार दिवसांचे काम आहे. दगडाला आपल्या भागात तोटा नाही.

सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे काठाला लागून नांगर नेऊ नये. किमान तीन मीटर रुंदीचा पट्टा गवताला सोडावा. शंभर मीटर लांब काठाला तीन मीटर म्हणजे साडेसात डिसमिल जमीन, एकराचा साधारण तेरावा-चौदावा भाग. एवढी जमीन पडीत टाकायची म्हणजे जिवावर येते, हे आम्ही जाणतो. पण ती पडीत राहत नाही. त्यावर गुरांना कापून घालायला हरळी आणि पवना होतो. काठाच्या ओळीवर पावसाच्या सुरुवातीला वाळ्याचे ठोंब वीतभरापेक्षा कमी अंतराने लावावेत. वाळ्याची मुळे सरळ खोल जातात, शेजारच्या पिकात पसरत नाहीत. त्यामागे बांबू, करंज, जांभूळ, निर्गुडी लावावी. बेशरम लावण्याचा सल्ला काही जण देतात. आम्हाला तो पसंत नाही. ती पात्रात पसरून पाणी अडवते, मग पाणी समोरच्या काठावर जाते आणि तिकडच्या शेजाऱ्याशी भांडण सुरू होते. नदीच्या बाहेरच्या वळणावर जिथे धार थेट आदळते, तिथे मात्र एकटे गवत टिकणार नाही. दगडाची बांधणी लागेल आणि ती पंचायतीकडून करून घेण्यासाठी चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून अर्ज केला पाहिजे.

येथे एक अडचण येते, ती लपवून चालणार नाही. काठच्या पुष्कळ जमिनी वर्षाच्या मक्त्याने किंवा बटईने केल्या जातात. एका वर्षासाठी जमीन घेणारा काठाला गवत का लावील? आणि मालक गावात राहत नसेल तर तो तरी कशाला पाहील? ज्यांनी जमिनी मक्त्याने दिल्या आहेत त्या आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांना आमची स्पष्ट सूचना आहे की करार निदान तीन वर्षांचा करावा आणि काठचा पट्टा मोजून मक्त्यातून वगळावा. त्या पट्ट्याचे पैसे कसणाऱ्याकडून घेणे न्यायाचे नाही. भाऊवाटणीतही असेच. काठचा तुकडा धाकट्याच्या वाट्याला टाकून मोकळे होण्यापेक्षा काठाच्या देखभालीचा खर्च सर्व भावांत वाटावा, कारण एकाचा काठ तुटला की पुढच्या पुरात दुसऱ्याचा तुटतो.

वीटभट्टीवाल्यांना माती विकणे हा तर सरळ तोटा. पैसा रोख हातात येतो आणि घरात लग्न किंवा आजारपण असले की मोह पडतो. पण भट्टीला हवी असते ती वरची दोन-तीन फूट माती, आणि पिकाला हवी असते तीही तीच. मिसर देशात इस्राएल लोक फारोसाठी विटा घालीत होते, त्याही मातीत काड मिसळून घालीत. निर्गमाच्या पुस्तकात ती हकिकत आहे. त्यांच्यावर बळजबरी होती, आपल्यावर नाही. आणि त्या काळी नाईलचा पूर दरवर्षी नवा गाळ आणीत असे. १९७० साली आस्वानचे मोठे धरण पूर्ण झाले तेव्हापासून तो गाळ धरणातच बसू लागला आणि खालच्या शेतकऱ्याला खताच्या पोत्यांवर जास्त विसंबावे लागले. आपल्या शेजारी महाराष्ट्रात शासनाने २०१७ साली "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" अशी योजना काढली. धरणा-तलावांत बसलेला गाळ उपसून शेतात पसरायचा. चांगली योजना आहे. पण जो गाळ खर्च करून परत आणावा लागतो, तो आधी कोणाच्या तरी वावरातून गेलेला असतो हेही ध्यानात घ्यावे.

अमेरिकेच्या गवताळ मैदानांची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. तिथल्या नद्यांच्या काठी अशीच गाळाची, पण काळीभोर जमीन आहे. हजारो वर्षे त्यावर पुरुषभर उंचीचे गवत होते, त्याची मुळे तितकीच खोल. मुळे कुजून माती काळी झाली. १८३७ मध्ये जॉन डीअर नावाच्या लोहाराने पोलादी फाळाचा नांगर केला आणि ते गवत उलथून पडू लागले. पुढे दक्षिणेकडच्या कोरड्या मैदानांतही तेच झाले. १९३० नंतरच्या दुष्काळात तिथली उघडी माती वाऱ्याने उडाली. १४ एप्रिल १९३५ रोजी भर दिवसा अंधार झाला इतकी धूळ उठली. त्याच महिन्यात त्या सरकारने मृदसंधारणाचा कायदा केला. आज तिथले शेतकरी नाल्याकाठी गवताचे पट्टे मुद्दाम राखतात.

आता पिकांकडे येऊ. कछारीवर खरिपात जोखीम असते. पुराचे पाणी दोन दिवस राहिले तर पऱ्हाटी आणि तूर पिवळी पडते. जिथे पाणी चढते तिथे खरिपात ज्वारी किंवा गुरांचा चारा घ्यावा, अगदी खालच्या पट्ट्यात नुसता बोरू किंवा ढेंचा पेरून दीड महिन्याने, फुलावर येण्याआधी गाडावा. खरी कमाई रब्बीची. गहू, हरभरा, लसूण, कांदा, कोबी, वांगी, मिरची ह्यांना ही जमीन उत्तम. बटाटा आणि मुळा-गाजरासारखी जमिनीत वाढणारी पिके काळ्या मातीपेक्षा इथे सुबक येतात, कारण माती त्यांना आवळत नाही. पात्रातल्या वाळूवरच्या डांगरवाडीची गोष्ट वेगळी. ती पुन्हा कधी.

पेरणी करताना दोन गोष्टी पाळाव्यात. पहिली वाफशाची. काळ्या मातीत घाई केली तर निदान ढेकूळ निघून समजते. गाळाची माती ओली असताना नांगरली किंवा ट्रॅक्टर फिरवला तर ती आतल्या आत दाबून बसते आणि खाली कडक थर होतो. मूठभर माती दाबून सोडावी. हातातच गोळा राहिला तर थांबावे, फुटला तर चालावे. दुसरी गोष्ट पापडीची. पेरल्यावर जोराचा पाऊस आणि मग कडक ऊन पडले की वर पापडी धरते आणि कोंब खालीच मरतो. बियाणे वाईट निघाले म्हणून दुकानदाराशी भांडण्यापूर्वी पापडी उचलून पाहावी. हलका डवरा फिरवला किंवा थोडे पाणी शिंपडले तर कोंब वर येतो. ह्या रोगावर कायमचे औषध शेणखत. एकरी चार-पाच टन दरवर्षी जमले तर उत्तम, नाही तर एक वर्षाआड. शेणखताने सुटे कण एकमेकांना धरू लागतात. पोत्याच्या युरियाने ते होत नाही. युरिया द्यायचा तोही दोन-तीन हप्त्यांत, एकदम दिलेला पाण्याबरोबर खाली जातो.

संत्र्याविषयी पुष्कळ जण विचारतात. वरवर पाहता ही माती संत्र्याला छान वाटते, खोल आणि मऊ. पण खाली पाण्याची पातळी कुठवर येते ते आधी पाहावे. पावसाळ्यात शेजारच्या विहिरीचे पाणी जमिनीपासून पाच-सहा फुटांच्या आत येत असेल तर तिथे बाग लावू नये. मुळे कुजतात आणि डिंक्या लागतो. लावलीच असेल तर कलमाचा सांधा जमिनीच्या वर वीतभर तरी मोकळा असावा. पुराने बुंध्याभोवती गाळ साचला तर तो लगेच काढावा. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर बुंध्याला तीन फुटांपर्यंत बोर्डो मलम लावावे. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे, लोखंडाच्या भांड्यात नव्हे, प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात भिजवून मग एकत्र करावे.

आरोग्याविषयी दोन शब्द, कारण ही माती अंगालाही लागते. ओलसर, भुसभुशीत आणि सावलीची जमीन अंकुशकृमीला फार मानवते. काठावर लोक शौचास बसतात, त्यातून कृमीची अंडी मातीत जातात, अळी होते आणि ती अनवाणी पायाच्या कातडीतून शरीरात शिरते. आतड्यात राहून रक्त पिते. बाया थकतात, पांढऱ्या पडतात, मुलांची वाढ खुंटते आणि दोष उपासमारीला जातो. भाजीच्या वाफ्यात काम करताना पायात काहीतरी घालावे. मुलांना शाळेत आणि अंगणवाडीत जंताची गोळी देतात, ती चुकवू नये. मातीत काम करताना जखम झाली तर साबण-पाण्याने धुऊन धनुर्वाताची लस घ्यावी. फवारणीचा पंप नाल्यात धुऊ नये. खाली गुरे पाणी पितात.

पुराचे पाणी विहिरीत गेले तर तिचे पाणी तसेच पिऊ नये. ३० जुलै १९९१ रोजी वर्धेच्या पुराने नरखेड तालुक्यातील मोवाड उद्ध्वस्त झाले, दोनशेच्या वर माणसे गेली. आपल्या भागातील वयस्क मंडळींना तो दिवस आठवत असेल. तसे संकट क्वचित येते, पण विहिरीत गढूळ पाणी जाणे दर दोन-चार वर्षांनी होते. आधी उपसा करावा, पाणी निवळू द्यावे, मग ब्लिचिंग पावडर टाकावी. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली, ताजी पावडर लागते. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर ते सुमारे २१ हजार लिटर होते, म्हणजे ५० ग्रॅमच्या थोडे वर. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा, वरचे पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडावे आणि निदान एक तास थांबावे. पाणी अजून गढूळ असेल तर एवढी पावडर पुरत नाही. पिण्यापुरते उकळूनच घ्यावे.

आपली माती कछार आहे की नाही हे घरच्या घरी समजते. काचेच्या सरळ बाटलीत एक तृतीयांश माती, चिमूटभर कपडे धुण्याची पावडर आणि वर पाणी घालून पाच मिनिटे खूप हलवावे व ठेवून द्यावे. वाळू मिनिटभरात तळाला बसते, गाळ दोन-तीन तासांत, आणि चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी गढूळ ठेवते. थरांची जाडी पट्टीने मोजावी. मधला थर निम्म्याहून अधिक असेल तर वर लिहिलेले सारे आपल्या वावराला लागू आहे.

जूनच्या पहिल्या रविवारी मिस्सानंतर अशा बाटल्या घेऊन मंडळींनी चर्चच्या ओट्यावर यावे. बाटलीवर वावराचे नाव लिहावे. सोबत अर्धा किलो माती वेगळ्या पिशवीत आणावी. वावरात आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खणून घेतलेली, एकत्र मिसळून सावलीत वाळवलेली. खताच्या ढिगाजवळची किंवा धुऱ्यालगतची माती घेऊ नये. सर्व पिशव्या एकदम माती परीक्षणासाठी पाठवण्याची व्यवस्था आम्ही करू. वाळ्याचे ठोंब कोणाकडे जास्त असतील तर त्यांनीही आणावेत.